कथाकथनातला एक तास आमच्या शिकारी म्हाताऱ्यांना द्या : सीमाभागातल्या संमेलनवाल्यांना खुले पत्र

प्रति,
कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, बेळगुंदी, कुद्रेमनी आणि बेळगाव-खानापूर-निपाणी पट्ट्यात जिथं जिथं मराठी साहित्य संमेलन भरतं तिथली सगळी आयोजक मंडळी,

सगळ्यांना नमस्कार.

थंडी पडायला लागली की तुमची धावपळ चालू होते, वर्गणी, मंडप, ग्रंथदिंडीची पालखी, लेझीमची पोरं, पाहुण्यांना आणायला कुणाची गाडी, दुपारच्या जेवणाला तांदूळ किती, हे सगळं गावातलीच माणसं पदरमोड करून करतात आणि त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. फक्त यंदा पत्रिका छापायला टाकायच्या आधी माझं एवढं ऐका. कथाकथनाच्या सत्रातला एक तास आमच्या खानापूर, जांबोटी, कणकुंबी भागातल्या जुन्या शिकारी म्हाताऱ्यांना द्या. त्यांना स्टेजवर बसवा, हातात माईक द्या, आणि शिकारीच्या बाता मनसोक्त मारू द्या. हो, बाताच म्हणतोय मी, आणि आदरानं म्हणतोय.

पहिलं कायद्याचं बोलून घेतो, कारण हे वाचून कुणीतरी लगेच विचारणार, काय रे, शिकारीचा गौरव करालाय काय. अजिबात नाही. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, तरी तेव्हा काही जनावरांसाठी लायसन मिळायचं, १९९१ च्या दुरुस्तीनं तेही बंद झालं, आणि झालं ते शंभर टक्के चांगलं झालं. आपल्या खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्य जाहीर झालं २०११ ला, साधारण १९० चौरस किलोमीटर, त्यात सांबर आहे, भेकर आहे, गवा आहे, वाघाच्या पायाचे ठसे आहेत. आज कोण बंदूक घेऊन त्या रानात शिरत असेल तर त्याला जेलमध्येच घातला पाहिजे, त्यावर माझं दुसरं मत नाही. मी बोलतोय त्या माणसांबद्दल जी कायदा यायच्या आधी तरणीबांड होती. बहात्तर साली जो वीस वर्षांचा होता तो आज सत्तरी ओलांडून गेलाय. आणि त्यांच्यापेक्षा मोठी जी पिढी होती, ज्यांच्याकडून यांनी गोष्टी ऐकल्या, त्यातलं आता जवळजवळ कोणी उरलेलं नाही.

आता त्या गोष्टी कशा असतात ते सांगतो, म्हणजे तुम्हाला कळेल मी का मागं लागलोय.

सांबराचा मोठा नर घ्या. भरलेला असला तर दोन-अडीचशे किलोचा, फारच आडदांड असला तर तीनशेच्या आसपास. आमच्याकडच्या गोष्टीत मी सहाशे किलोच्या खाली सांबर कधी ऐकलंच नाही. शिंगाला एका बाजूला साधारण तीन टोकं असतात, दोन्हीकडची मिळून सहा. गोष्टीत बारा असतात, चौदा असतात, आणि जांबोटीकडच्या एका मामांनी पाडलेल्या सांबराला अठरा होती आणि हाकाऱ्याला, म्हणजे ओरडून जनावर बंदुकीकडं हुसकायला, आलेल्या अठरा जणांनी घरी येईपर्यंत आपापली टोपी एकेका टोकाला अडकवली होती, म्हणून तर मोजता आली असं मामा सांगायचे. बारा-बारा टोकांचं जनावर म्हणजे बारशिंगा, तो कान्हाला, दुधव्याला, काझीरंग्याला, आपल्या सह्याद्रीत तो नाहीच. हे मी एकदा त्यांना सांगितलं तर म्हणाले, "मग तो तिकडनंच आला असणार की, म्हणून तर दमलेला होता."

या उत्तराला तुम्ही काय म्हणणार सांगा. मी तर अजून कुठल्या विनोदी कथेत एवढं चटकन आलेलं उत्तर वाचलेलं नाही.

सांबराची शिंगं दरवर्षी गळून पडतात आणि नवीन येतात. गोष्टीतली शिंगं मात्र गळत नाहीत, तीच वाढत जातात. एकाच माणसाकडून एकच गोष्ट गणपतीत ऐका, दिवाळीत ऐका आणि शिमग्याला परत ऐका, सांबर हातभर तरी वाढलेलं असतं. आणि ते वाढताना बघण्यासारखं असतं, कारण म्हातारा आधी दोन्ही हात पसरून माप दाखवतो, मग त्याला वाटतं कमी झालं, मग उठून उभा राहतो, मग शेजारच्याचा हात धरून लांब करायला लावतो. चहाचा कप पाटावर तसाच थंड होतो. शेजारचा माणूस पण हात लांब करून गुमान उभा असतो, गोष्ट संपेपर्यंत तो त्या सांबराचं डावं शिंग असतो.

पिसोरीचं ऐका. पिसोरी म्हणजे आपल्या रानातलं सगळ्यात बारकं हरणासारखं जनावर, जेमतेम तीन किलोचं, रात्री फिरणारं, दिवसा पाल्यात एवढं गप्प बसतं की पायाखाली आलं तरी दिसत नाही. त्याला शिंगं नसतात, नराला नाहीत आणि मादीला पण नाहीत, नराला बारीक सुळे असतात तेवढेच. पण एका आजोबांकडं पिसोरीची शिंगं होती. ट्रंकेत, पितळी डब्यात, कापसात गुंडाळून ठेवलेली. बघायला मागितली तर म्हातारीनं भोगीच्या साफसफाईत टाकून दिली. दुसऱ्या वेळी मागितली तर गोव्याच्या पाहुण्याला दिली. तिसऱ्या वेळी म्हातारी स्वतःच आतून म्हणाली, "द्या की एकदा त्यांना काढून, माझ्यावर किती वर्षं ढकलालाय." आजोबा शांतपणे म्हणाले, "बघ, हिला पण माहिती आहे डबा कुठं आहे ते."

काळवीट कणकुंबीच्या रानात मारल्याचं सांगणारे पण आहेत. काळवीट हे उघड्या माळाचं जनावर, ते बघायचं तर पूर्वेला कोरड्या भागात जायचं, राणेबेन्नूरला त्याच्यासाठी अभयारण्य आहे. कणकुंबीला जिथं पावसाळ्यात चार-चार महिने सूर्य दिसत नाही तिथं काळवीट कशाला मरायला येईल. पण गोष्टीत येतं, आणि का आलं याचं कारण पण असतं, ते कारण ऐकण्यात खरी मजा असते.

आणि सबबी! माझा खरा जीव सबबीत आहे. मोठेपणाच्या बाता कुणीपण मारतो, बेळगावच्या कुठल्या पण हॉटेलात अर्धा तास बसा, जमिनीच्या आणि गाडीच्या बाता ऐकायला मिळतात. पण बार फुकट कसा गेला हे सांगायला वेगळं डोकं लागतं.

त्याचं कारण त्यांच्या बंदुकीत आहे, हे मला एका निवृत्त फौजी आजोबांनी समजावून दिलं. गावात तेव्हा बंदूक असायची ती ठासणीची. नळीत दारू ओतायची, वरून चिंधीचा बोळा, गजानं ठासायचं, मग छर्रे, परत बोळा, परत ठासायचं, मागं ठिणगी पाडणारी बारकी टोपी बसवायची. चाळीस-पन्नास पावलांच्या पुढं नेमाचं काय खरं नाही. आणि बार निघाला की काळ्या दारूचा धूर एवढा होतो की समोरचं काहीच दिसत नाही, जनावर पडलं की पळालं, की तिथं नव्हतंच, काय कळत नाही. परत ठासायला वेळ जातो तेवढ्यात रान शांत झालेलं असतं. आता तुम्हीच विचार करा, पंधरा-वीस माणसं हाकारा घालून, काट्यात अंग फाडून घेऊन, उपाशीपोटी येऊन उभी राहिलीत, वाटणीची वाट बघालेत, हाकाऱ्याला एकेक वाटा, बार काढणाऱ्याला जादाचा वाटा हे आधीच ठरलेलं, आणि धूर विरल्यावर समोर नुसतं कारवीचं बेट हलताना दिसतंय. त्या माणसाला तेवढ्या वेळात कायतरी सुचायलाच पाहिजे. आमच्या भागातलं सगळं कथाकथन त्या धुरातनं जन्मलंय असं माझं ठाम मत आहे.

काय काय सुचलंय बघा. दारू सर्दली, ही सगळ्यात जुनी, आणि आमच्याकडच्या पावसात ती खोटी पण म्हणता येत नाही. पापणीला जळू लागली, नेमका तोच डोळा मिटला. मधेच गवा आडवा आला, आणि गव्याला सोडलं कारण आपण निघालो होतो सांबराला, शब्द म्हणजे शब्द. मादी होती, पोटुशी होती, हे साठ पावलांवरनं अंधारात कळलं. जनावर देवराईच्या हद्दीत गेलं, देवाचं ते देवाला. या देवराईच्या सबबीबद्दल मला फार आपुलकी आहे, कारण ती सांगताना म्हातारा थट्टा करत नसतो, खरंच हात जोडतो. कुणाचा तरी मेहुणा खोकला, ही तर एवढी चालते की मेहुण्यांची एक आख्खी पिढी दम्याची होती की काय असं वाटावं. आणि सगळ्यात सुंदर, हेमाडग्याकडच्या एका काकांची, "नेम माझा बरोबरच होता, सांबरानंच पाय मागं घेतला."

एक गोष्ट म्हणजे गळ्यातली गोळी. तुम्ही पण ऐकली असेल. प्रत्येक गावात एक सांबर असतं ज्याला अमक्या काकांची गोळी गळ्याला लागली आणि तरी ते पळालं आणि आजपण रानात फिरतंय, गळ्याला लाल जखम घेऊन, ज्यांनी ज्यांनी बघितलंय ते सगळे शपथेवर सांगतात. आता त्यातलं खरं ऐका. सांबराच्या गळ्याला खालच्या बाजूला माजाच्या दिवसांत केस गेलेला एक लालसर चट्टा उमटतो, त्यातनं कधी कधी पाझरतं पण, लांबून बघणाऱ्याला ताजी जखमच वाटते. नराला असतो, मादीला पण असतो. म्हणजे बघणारे खोटं बोलत नव्हते, काका पण पूर्ण खोटं बोलत नव्हते, त्यांनी बार काढला होता, धूर झाला होता, आणि पुढच्या मोसमात कुणाला तरी गळ्याला लाल चट्टा असलेलं सांबर दिसलं होतं. काकांना आयुष्यभर वाटलं की ती आपलीच गोळी. हे जेव्हा मला कळलं तेव्हा मला त्या काकांबद्दल, त्या सांबराबद्दल, सगळ्याबद्दलच एवढं प्रेम वाटलं की काय सांगू. ही गोष्ट स्टेजवर म्हाताऱ्यानं सांगावी आणि लगेच कुणीतरी जाणत्यानं उठून त्या चट्ट्याचं सांगावं, पोरांना जन्मभर सांबर विसरणार नाही.

आता एक गोष्ट पूर्ण सांगतो, त्या फौजी आजोबांचीच. मराठा लाईट इन्फंट्रीत होते, त्यांचं सेंटर आपल्या बेळगावातच, त्यामुळं सुट्टीवर यायला त्यांना लांब यावं लागायचं नाही हे ते अभिमानानं सांगतात. बहात्तरच्या बऱ्याच आधीची गोष्ट, मे महिना, म्हादईच्या एका ओढ्यावरची कोंड, म्हणजे खोल डोह, बाकी सगळं पाणी आटलेलं. जांभळाच्या झाडावर मचाण, वर आजोबा आणि त्यांचा मेहुणा, बंदूक मेहुण्याची. दुपारी सासरवाडीत फणस खाल्लेला, बरका, पोटभर. संध्याकाळ झाली, आजोबांनी चिमूटभर राख सोडून वारं बघितलं, वारं तोंडावर येत होतं म्हणजे चांगलं. आधी वर कुठंतरी भेकर भुंकायला लागलं, कुत्र्यासारखं, थांबून थांबून, म्हणजे कायतरी खाली येतंय. मग पाल्यात खसखस. मग काळोखात एक मोठं अंग कोंडीच्या कडेला उभं राहिलं.

"मी नेम धरला," आजोबा सांगतात, "श्वास धरला, आणि याच्या पोटातला फणस बोलला. असा बोलला की खाली पाण्यात बेडूक गप्प झाले. जनावरानं मान वर केली, सरळ माझ्याकडं बघितलं, आमचे कमांडिंग साहेब परेडला बूट बघून मग तोंडाकडं बघायचे तसं. मी घोडा ओढला. टोपी वाजली, फट्ट. दारू ओली. बार नाहीच. सांबर पळालं पण नाही बघ, उभंच. मी म्हटलं, जा बाबा, तुझं आयुष्य आहे."

इथं आजोबा थांबतात, कारण मेहुणा अजून आहे, पंच्याऐंशीच्या वर वय, आणि तो दर वेळी इथंच बोलतो. "ते सांबर नव्हतं. पाटलांची म्हस होती, दोन दिवस हरवलेली."

"म्हस होती तर मग तू रातभर झाडावरनं का उतरला नाहीस?"

"तू उतरू दिला नाहीस. म्हणालास पाटील बघतील."

मग दोघं एकमेकांकडं न बघता चहा पितात. हे भांडण साठ वर्षं तरी चाललंय आणि मला विचाराल तर दोघांपैकी कुणीच जिंकू नये. पण बघा, एवढ्याशा गोष्टीत काय काय आलं. वाऱ्याची दिशा राखेनं कशी बघायची, भेकर भुंकलं म्हणजे रानात कायतरी हललंय हे कसं ओळखायचं, मेमध्ये कुठली कोंड आटत नाही, जनावर पाण्यावर कधी उतरतं, हे सगळं त्या पोरांना कुठल्या पुस्तकातनं मिळणार. आणि मुख्य म्हणजे त्या गोष्टीत काही मेलं नाही. सबबीच्या गोष्टीत सांबर नेहमी जिवंत सुटतं. म्हातारे जेवढी जास्त सबब सांगतात तेवढी जास्त जनावरं रानात शिल्लक राहतात, आणि ऐकणारा त्या जनावराच्या बाजूनं व्हायला लागतो, मी स्वतः बघितलंय, लहान पोरं "पळालं ना? पळालं ना?" म्हणून विचारतात आणि पळालं म्हटलं की टाळ्या वाजवतात.

आजच्या काही पोरांच्या स्टेटसला बंदूक घेतलेला फोटो, मागं रान, वर कायतरी डायलॉग, हे बघून माझ्या पोटात गोळा येतो. त्यांना वाटतं शिकार म्हणजे मर्दानगी. त्यांना या म्हाताऱ्यांसमोर बसवा. खरा शिकारी रातभर झाडावर बसून म्हशीला घाबरला होता हे त्याच्याच तोंडून ऐकलं की पोरांच्या डोक्यातलं ते भूत पटकन उतरतं, फॉरेस्ट खात्याच्या बोर्डानं उतरत नाही एवढं उतरतं. रानडुक्कर आणि गवा ऊस, भात खाऊन जातात, शेतकऱ्याचं नुकसान होतं, तो वेगळा आणि फार खरा प्रश्न आहे, त्यासाठी भरपाई वेळेवर मिळायला पाहिजे म्हणून मी पण भांडणारा माणूस आहे. पण त्याचा आणि स्टेटसच्या बंदुकीचा काही संबंध नाही.

मागं एका संमेलनाच्या मंडळींना मी हे तोंडी सांगून बघितलं होतं. नाव घेत नाही. ऐकून घेतलं, चहा पाजला, आणि म्हणाले, "छान आहे हो, पण हे साहित्यात बसत नाही." त्या वर्षी कथाकथनाला लांबच्या शहरातनं एक पाहुणे आणले होते. माणूस चांगला, कथा पण वाईट नव्हती, पण मंडपात मागच्या अर्ध्या खुर्च्यांवरची माणसं मोबाईल बघत होती, आणि मंडपाच्या बाहेर उसाच्या रसाच्या गाड्याजवळ आमच्या भागातले एक म्हातारे सांबराची गोष्ट सांगत होते तर तिथं वीस-पंचवीस माणसं उभी, रसवाल्यानं घाणा बंद ठेवलेला ऐकू यावं म्हणून. मला तिथं फार वाईट वाटलं. साहित्य बाहेर उभं होतं आणि आपण आत त्याचं संमेलन भरवत होतो.

मला माहीत आहे आपल्याकडं संमेलन हा हसण्यावारी न्यायचा विषय नाही. बेळगावात अखिल भारतीय संमेलन १९२९ ला झालं, १९४६ ला झालं, २००० ला झालं. १९४६ ला ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष होते आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव इथंच झाला. तेव्हापासून आपल्या प्रत्येक संमेलनावर भाषेचं ओझं आहे, भाषणं गंभीर, परिसंवाद गंभीर, ठराव गंभीर, आणि असायलाच पाहिजेत, गावोगावी मराठी शाळांत पोरं कमी व्हायला लागलीत तिथं गंभीर नको तर काय. पण भाषा टिकवायची म्हणजे तिच्यात हसणारी माणसं पण टिकवायला पाहिजेत ना. या म्हाताऱ्यांची मराठी ऐका, मधे कन्नड येतं, मधे कोकणी येतं, फौजी असला तर हिंदी येतं, आणि तरी ती पक्की आपली मराठी असते, चार माणसांना पोट धरून हसवणारी. पोरांना भाषेची गोडी अशानं लागते, ठरावानं लागत असेल तर मला सांगा.

आणि वेळ नाही हो. तळेवाडीसारख्या गावातली कुटुंबं अभयारण्यातनं बाहेर यायला तयार झाली, ते त्यांच्या लेकराबाळांसाठी बरंच आहे, दवाखाना नाही, रस्ता नाही, पावसाळ्यात कोण आजारी पडलं तर खांद्यावरनं आणायचं, किती दिवस काढणार. पण ती माणसं बाहेर आली की अमक्या कोंडीवर काय झालं होतं, तमक्या खिंडीत कुणाचा बार फुकट गेला होता, हे सांगायला समोर ती कोंड आणि ती खिंड राहणार नाही. गोष्ट तेव्हा नुसती माणसाच्या तोंडात राहते, आणि ती माणसं ऐंशीच्या पुढची आहेत.

म्हणून काही गोष्टी आधीच ठरवून घेऊया, माझ्या डोक्यात आहेत तशा सांगतो. बोलावायचं ते कायदा यायच्या आधीच्या गोष्टी सांगणाऱ्यालाच, त्यानंतरची "पराक्रमाची" गोष्ट ज्याच्याकडं असेल त्यानं घरीच बसावं, आणि हे पत्रिकेवर स्पष्ट छापा. स्टेजवर बंदूक नको, शिंगं नकोत, कातडं नको, कोण कौतुकानं भिंतीवरचं शिंग काढून आणेल तर त्याला गेटवरच थांबवा, कारण सर्टिफिकेट नसलेलं शिंग बाळगणं गुन्हा आहे, रानात गळून पडलेलं शिंग पण उचलून आणता येत नाही, आणि म्हाताऱ्याला या वयात स्टेशनच्या चकरा नकोत. सत्काराला शाल-श्रीफळ पुरे. फॉरेस्टच्या गार्डला, आरएफओ म्हणजे रेंज फॉरेस्ट ऑफिसर साहेबांना आवर्जून बोलवा, पहिल्या रांगेत बसवा, त्यांच्याकडं पण रानातल्या गोष्टी असतात, आणि त्यांना कळू दे की गावातली माणसं रानावर जीव लावणारी आहेत.

प्रत्येक म्हाताऱ्याबरोबर त्याचा साक्षीदार बोलवा, हे विसरू नका. एकटा माणूस बात मारतो, पण "मी होतो की तिथं" म्हणणारा दुसरा शेजारी बसला की त्याची गोष्ट होते. मेहुणा असला तर मेहुणा, हाकाऱ्याला गेलेला मित्र असला तर मित्र. हाकाऱ्यातल्या माणसांना तर जास्त बोलवा, त्यांनी कधी बंदूक धरली नाही, काट्यातनं पळाले आणि वाटणीत हाडं आली, त्यांच्या गोष्टी बंदूकवाल्यांपेक्षा चढ असतात कारण त्यांना कुणाची अब्रू वाचवायची नसते. आणि बायकांना. पिसोरीची शिंगं ट्रंकेत आहेत की नाहीत हे शेवटी त्यांनाच माहीत असतं.

सूत्रसंचालकाला सांगून ठेवा मधे बोलायचं नाही, वेळ संपली म्हणून चिठ्ठी द्यायची नाही. शाळेच्या पोरांपैकी दोघांना मोबाईलवर रेकॉर्डिंगला बसवा, मोबाईल आडवा धरून, माईकच्या जवळ, आणि ते रेकॉर्डिंग गावच्या वाचनालयात पेन ड्राईव्हवर ठेवा. गोष्ट छापायची असली तर जशी बोलली तशी छापा, शुद्ध करू नका.

वेळ सकाळी अकराची द्या. जेवणानंतरची नको, म्हातारी माणसं जेवली की पेंगतात, आणि कविसंमेलनाच्या नंतरची तर अजिबात नको, तोपर्यंत त्यांची शेवटची बस गेलेली असते. जांबोटी, कणकुंबी, हेमाडगा, लोंढा या बाजूच्या माणसांना आणायचं आणि रात्रीच्या आत घरी सोडायचं काम माझ्याकडं, गाडी माझी, डिझेल माझं. फौजी आजोबा आणि त्यांचे मेहुणे दोघं तयार आहेत, फक्त दोघांनी एक अट घातली आहे की खुर्च्या शेजारी शेजारी ठेवायच्या नाहीत, मधे अध्यक्षांना बसवायचं. तेवढं बघा, आणि पत्रिकेत जागा ठेवून कळवा.

आपला,
खानापूर तालुक्यातला एक मराठी श्रोता